औंधच्या एस्टीने गेलेला निरोप

मी या ग्रुपवर आलो तो बायकोमुळे. ती इथल्या गोष्टी वाचते आणि मग दिवसाढवळ्यासुद्धा माळ्यावरचा डबा काढायला मला पाठवते. मी स्वतः असल्या प्रकारातला नाही. पाटबंधारे खात्यात सगळी नोकरी झाली माझी. धरणाच्या भिंतीवर कितीतरी रात्री काढल्या, पण डास आणि मुकादम सोडून तिसरं कुणी दिसलं नाही. कुणी भुताची गोष्ट सुरू केली की मी आधी विचारायचो — वेळ काय होती, उजेड किती होता, तुझ्याबरोबर कोण होतं? गोष्ट तिथेच संपायची.

म्हणून ही माझी गोष्ट मला इतकी वर्षं छळते आहे. कारण यात वेळ माहीत आहे, लख्ख उजेड होता, आणि माझ्याबरोबर शहाणीसुरती माणसं होती. भीती वगैरे काही वाटत नाही. चीड येते. कमेंटमध्ये 'भास झाला असेल' असं लिहिणाऱ्यांनी आधी सगळं वाचावं, ही विनंती.

साल शहाण्णव. संक्रांत नुकतीच झाली होती. आम्ही चार मित्र साताऱ्याहून सांगलीला सायकलवरून निघालो होतो — नेत्रदानाच्या प्रचारासाठी. पाच दिवसांची फेरी, गावोगाव थांबायचं, चार शब्द बोलायचे आणि लोकांकडून नेत्रदानाच्या संकल्पाचे फॉर्म भरून घ्यायचे. सरळ हायवेने गेलो असतो तर दीड दिवसात पोचलो असतो. पण मी मुद्दाम खटावच्या बाजूने, तलावांच्या कडेकडेने रस्ता आखला होता. नेर, येरळवाडी, मायणी... मधले लहानसहान धरले तर आणखी तीन-चार. दुष्काळी भाग म्हणून लोक नाक मुरडतात, पण जानेवारीत त्या तलावांवर जा एकदा! परदेशातून आलेले पक्षी, भोवती शाळूची हिरवी रानं. शिवाय तलाव म्हणजे आमच्या खात्याची चौकी, म्हणजे फुकटात झोपायची सोय. हा खरा मुद्दा.

चौघं म्हणजे मी — अविनाश, मित्रांत अव्या. दुसरा मिलिंद कांबळे, हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायचा. तिसरा सदा, त्याचं सायकलचं दुकान होतं, त्यामुळे पंक्चर-बिंक्चर सगळं त्याच्याकडे. आणि चौथा प्रकाश. प्रकाशचं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान. आमचे सगळे फॉर्म त्यानेच फुकट काढून दिले होते. अंगाने जाड, तोंडाने गोड. आम्ही तिघांनी अर्धा तास डोकं फोडावं आणि समोरच्या म्हातारीने म्हणावं, "डोळं काढून दिलं तर फुडच्या जल्मी आंधळी जल्मीन की रं!" मग प्रकाश तिच्याशेजारी मांडी घालून बसायचा. "आज्जी, फुडच्या जन्मी तुमच्या दोन डोळ्यांच्या जागी चार येतील बघा, पुण्य हाय ते." की लागला अंगठा! तो नसता तर आमची फेरी म्हणजे नुसती सायकल स्पर्धा झाली असती.

पण हाच प्रकाश मला पाच मिनिटं वेळेवर निघू देईल तर शपथ. मी टाइमटेबल केलं होतं. कुठल्या गावात किती वाजता पोचायचं, किती वाजता निघायचं — सगळं. गंमत म्हणजे ते प्रकाशनेच टाईप केलं होतं आणि त्यानेच ते पहिल्या दिवशी भजी गुंडाळायला वापरलं.

आता निरोपाबद्दल सांगतो, कारण सगळं त्यावर आहे. तेव्हा मोबाईल नव्हते. खेड्यात फोन असला तर पोस्टात, आणि तो बंद. पण एस्टी होती. ज्या गावी पुढचा मुक्काम, त्या गावावरून जाणारी पहिली गाडी सकाळी गाठायची आणि कंडक्टरला सांगायचं — अमुक फाट्यावर अमुक माणसाला निरोप द्या. नव्या पिढीला पटणार नाही, पण असा निरोप चुकत नसे. कंडक्टर खिडकीतून चहावाल्याला ओरडून सांगायचा, चहावाला कुणाला तरी पिटाळायचा, आणि आम्ही पोचेपर्यंत चूल पेटलेली असायची. पहिले दोन दिवस हे घड्याळासारखं चाललं. बिघडत होतं ते बाकीचं.

पहिल्या दिवशी सदाच्या सायकलची चेन तीनदा पडली. (सायकल दुकानवाल्याची!) दुसऱ्या दिवशी खटावात ज्यांनी सभा ठेवली होती ते स्वतःच लग्नाला गेलेले. वारा समोरून. आणि प्रकाश मागे. सारखा मागे. दर दोन मैलांवर आम्ही थांबायचं आणि वळून बघत बसायचं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी औंधला पोचलो. मी म्हटलं, चला, उजेड आहे तोवर डोंगरावर यमाईला जाऊन येऊ. प्रकाश पायथ्याशीच पायरीवर बसला. "तुमी जाऊन या गड्या, मी हितनंच हात जोडतो." मी म्हटलं, "बस. आता उद्या सायकलवरही हात जोडूनच चढ." सदा हसला. प्रकाशही हसला.

तिसऱ्या दिवशीचा मुक्काम मिलिंदच्या मामांकडे होता. मामा म्हणजे सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार. मायणीच्या अलीकडे त्यांचं गाव. गावाचं नाव देत नाही, त्यांची मुलं-नातवंडं तिथे आहेत. गावाला एक जुना तलाव आहे, दुष्काळी कामातला, मातीच्या भिंतीचा. तलाव भरला की जादा पाणी ज्या दगडी वाटेने बाहेर पडतं तिला सांडवा म्हणतात. हा सांडवा लक्षात ठेवा.

सकाळी पावणेसातला मी आणि मिलिंद औंधच्या स्टँडवर गेलो. थंडी मरणाची. गाडी लागलेली होती. कंडक्टर गलमिश्यांचा, कानाला मफलर. मी त्याला सांगितलं, "फाट्यावरच्या चहावाल्याकडे सुभेदारांसाठी निरोप द्या. सायकलवाले चौघं, साडेदहापर्यंत पोचतो, पिठलं-भाकरी पुरे." त्याने माझ्यासमोर तो परत म्हणून दाखवला. "चौगं, साडेधा, पिठलं-भाकरी. हुतंय काम." मग आम्ही दोघं स्टँडसमोरच्या गाड्यावर चहा प्यायला गेलो. आमच्या डोळ्यांदेखत गाडी सुटली, वळली आणि गेली. माझ्या हातात कप होता. मिलिंद म्हणालासुद्धा, "वेळेवर सुटली, तुझ्या नात्यातली दिसते."

सव्वासातला निघायचं होतं, निघालो आठला. प्रकाश उठेचना. उठला तर तोंड धुवेना. मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. सदा आणि मिलिंद पुढे, मी मध्ये आणि हा मागे. वडूज येईपर्यंत मी दहा वेळा घड्याळ बघितलं. वडूजला शाळेत कार्यक्रम होता. हेडमास्तरांनी मुलं उन्हात बसवून ठेवलेली, आणि ज्याने बोलायचं तो प्रकाश खुर्चीवर बसून नुसतं पाणी पीत होता. शेवटी मीच बोललो. माझ्या भाषणावर एकही फॉर्म आला नाही, हेही सांगून टाकतो.

वडूज सोडलं आणि वारा आणखी वाढला. साधारण दहा-सव्वादहाला मी मागे बघितलं तर प्रकाश दिसेना. परत फिरलो. हे साहेब एका बाभळीखाली सायकल आडवी टाकून बसलेले.

"काय झालं?"

"जरा थांबू या रं अव्या. पित्त झालंय वाटतं."

"काल भजी कुणी खाल्ली दोन प्लेट?"

"पाच मिंटं."

मी त्याच्याकडे बघितलं. हे मी नीट सांगतो, कारण पुढे याचा संबंध आहे. त्याच्या कपाळावर घाम होता. आमच्या नाकातून थंडीने पाणी येत होतं आणि त्याच्या कपाळावर घाम होता. मला तो दिसला. आणि मी म्हटलं, "नाटकं करू नकोस प्रकाश. लोक खोळंबलेत. चल, सायकल चालव."

तो उठला आणि सायकल उभी केली.

उशीर भरून काढायचा म्हणून मी तिथे एक निर्णय घेतला. ठरलेला रस्ता डांबरीचा होता, फाट्यावरून गावात. पण खात्याच्या नकाशांमुळे मला त्या तलावाची भिंत पाठ होती. भिंतीवरून कच्च्या वाटेने गेलं की दोन मैल वाचतात. मी पुढे जाऊन सदाला आणि मिलिंदला थांबवलं. "डांबरी सोडा. तलावावरून घ्या." मिलिंद म्हणाला, मामा फाट्यावर वाट बघतील. म्हटलं, बघू देत. परत वाचा — हे मी ठरवलं सव्वादहाच्या पुढे, रस्त्यात, चिडून. त्याआधी तलावावरून जायचं माझ्या मनातही नव्हतं.

अकराला दहा-बारा मिनिटं कमी असताना आम्ही भिंतीवर चढलो. पाण्यावर ऊन चमकत होतं, पक्षी होते, सगळं होतं. मी बघितलं नाही. मी बघितली ती जीप. भिंतीच्या टोकाला, सांडव्याच्या दगडी कठड्याला लागून, एक जुनी जीप उभी होती. शेजारी खाकी स्वेटर घातलेला, काठीसारखा ताठ म्हातारा, आणि एक तरुण डॉक्टर, हातात बॅग.

मिलिंद ओरडला, "मामा! तुम्ही इथं कसे?"

सुभेदारांनी त्याला हाताने गप्प केलं. आमच्याकडे एकेक करून बघितलं आणि विचारलं, "पेशंट कोण?"

मला आधी कळेचना. मी म्हटलं, "कसला पेशंट? जयभीम मामा. मी अविनाश. आम्ही नेत्रदानवाले."

"जयभीम. वळीकलं. कुणाला तरास हुतोय? गाडीत बसवा त्याला."

आता तुम्हीच सांगा, माझ्या जागी कोणी काय केलं असतं? तीन दिवस सायकल मारत आलेलो, गावात शिरताना जीपमधून शिरायचं? लोक काय म्हणतील? मी म्हटलं, "मामा, कुणाला काही झालेलं नाही. जीप परत पाठवा. फेरी सायकलवरची आहे, आम्ही सायकलवरूनच येणार."

म्हातारा जागचा हलला नाही. "न्हाई. आर्डर हाय."

"कुणाची ऑर्डर?"

"तुमचीच की! तुमीच बोल्लाय, तुमचं ऐकायचं न्हाई म्हणून."

मी मिलिंदकडे बघितलं. मला वाटलं, मामांचं वय झालंय, डोक्यावर परिणाम आहे आणि या पोराने आम्हाला सांगितलं नाही. माझं डोकं सणकलं. आवाज चढला. मी सुभेदारांना — त्या वयाच्या माणसाला — म्हटलं की ही लष्कराची छावणी नाही. आणि मागे वळून प्रकाशला म्हटलं, "तू का उभा राहिलास? चढ सायकलवर!"

प्रकाशने पायडलवर पाय ठेवला. पाय ठेवला आणि तसाच बाजूला गेला. सायकल एकीकडे, तो एकीकडे. छातीवर हात, तोंड राखेसारखं.

पुढचं फार भराभर झालं. डॉक्टर माझ्या आधी पोचला होता. त्याने जिभेखाली गोळी सरकवली, सुभेदारांनी आणि सदाने उचलून जीपमध्ये घातला. मी कठड्याजवळ उभा होतो, हातात प्रकाशची टोपी होती, ती कधी उचलली आठवत नाही. सुभेदारांनी मला दंडाला धरून मागच्या बाजूला ढकललं. "बसा आता. भांडान नंतर."

विट्याच्या एका दवाखान्यात तासाभरात पोचलो. तिथल्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली आणि म्हणाले, ताबडतोब सांगलीला हलवा. विट्याचेच एक गलाईवाले — तिकडे लांब सोनं गाळायचं दुकान होतं त्यांचं, संक्रांतीला गावी आले होते — त्यांनी आपली मारुती काढून दिली. ओळख ना पाळख. पलूसवरून सांगली. त्या रस्त्याने दोन दिवसांनी आम्ही हात हलवत, घोषणा देत जाणार होतो. मी मागच्या सीटवर प्रकाशचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो आणि दर मिनिटाला त्याच्या नाकाखाली बोट धरत होतो. दुसरं काही सुचत नव्हतं.

तो वाचला. सांगलीचे डॉक्टर स्पष्ट म्हणाले, "पडल्या पडल्या गोळी आणि लगेच गाडी, म्हणून हा इथवर आला. कुणी केलं हे?"

कुणी केलं हेच तर मला हवं होतं.

चौथ्या दिवशी सुभेदार सांगलीला भेटायला आले. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसवून मी त्यांची आधी माफी मागितली आणि मग विचारलं, निरोप नक्की काय मिळाला होता. त्यांनी पाठ केल्यासारखा सांगितला. सैन्यातला माणूस, शब्द इकडचा तिकडे करणार नाही. "सायकलवाले चौगं येत्यात. येकाच्या छातीत कळ हाय. डाक्टर आन जीप घिऊन अकराच्या आत तलावाच्या सांडव्यावर हुबं ऱ्हावा. मी नगं म्हनंन, माजं ऐकू नगा."

"आणि पिठलं-भाकरी?"

"ते बी हुतं. पयलं."

मी हसलो की रडलो, मला सांगता यायचं नाही. सुभेदार म्हणाले, निरोप विचित्र वाटला, पण निरोप म्हणजे निरोप. पोल्ट्रीवाल्याची जीप मागितली, डॉक्टरला दवाखाना बंद करायला लावला आणि साडेदहालाच जाऊन उभे राहिले.

मी सरळ माणूस आहे. म्हटलं, कुठेतरी घोळ झाला असणार, तो शोधायचा. आठवड्याने रजा टाकून मी आणि मिलिंद परत गेलो. फाट्यावरचा चहावाला म्हणाला, कंडक्टरनं सांगितलं ते मी सांगितलं, मला काय पडलंय पदरचं घालायला. मग औंधचं स्टँड. दोन दिवस तो गलमिश्यांचा कंडक्टर ड्युटीवर नव्हता. माझं डोकं उठायची वेळ आली. तिसऱ्या दिवशी गाठला. मला बघितल्याबरोबर ओळखलं त्याने.

"काय साहेब, वाचला का तुमचा मानूस?"

मी म्हटलं, "निरोप कुणी दिला होता?"

"आवं, तुमीच की!"

"मी दिला तो पिठलं-भाकरीचा."

"त्यो आदी दिला. मग गाडी सुटल्यावर स्टँडच्या तोंडाला पळत आला न्हवं का तुमी? पत्र्यावर धाडधाड हात मारला. मी बेल वडली, डायवरनं गाडी थांबवली. लय धाप लागली हुती तुमाला. दुसरा निरोप तवा दिला."

"मी? नीट बघा. मी?"

"ह्योच चष्मा, हीच बंडी. आता काय लिहून दिऊ?"

मिलिंद शेजारी उभा होता. तो म्हणाला, "अहो, हे माझ्याबरोबर समोर चहा पीत होते. गाडी थांबलीच नाही. मी बघत होतो."

कंडक्टर रागावला. त्याचं म्हणणं, मी कशाला खोटं बोलू? ड्रायव्हरला बोलावलं. ड्रायव्हर म्हणाला, व्हय, थांबली हुती गाडी, पत्रा वाजला म्हणून शिवी बी घातली मी. मग मी चहाच्या गाड्यावाल्याकडे गेलो. तो म्हणाला, तुम्ही दोघं इथेच होता, कप फुटला म्हणून मी लक्षात ठेवलंय. कप खरंच फुटला होता, मिलिंदच्या हातून. एका रस्त्याच्या दोन बाजूंना उभी असलेली माणसं, दोन्हीकडची सरळ, आणि दोघांचं ऐकलं तर मी एकाच वेळी दोन ठिकाणी!

मी सगळे मार्ग तपासले. कुणी चेष्टा केली? चेष्टेतला माणूस सांडवा सांगेल कसा, जिथे जायचं मी तीन तासांनी ठरवलं? माझ्यासारखा दिसणारा कुणी? त्याला छातीतली कळ कशी ठाऊक? मीच दिला आणि विसरलो? मग मिलिंदही विसरला, आणि औंधचा चहावालाही? मिलिंद विज्ञानाचा मास्तर. त्याने आठ दिवस डोकं शिणवलं आणि मग म्हणाला, "अव्या, सोड." मला सोडता येत नाही. स्वभाव आहे.

आणि खरा जाच पुढेच आहे. फेरी मिलिंद आणि सदानं पुरी केली, फॉर्म पोचवले, सगळं झालं. पण साताऱ्यात बातमी पसरली ती अशी की अविनाशने आधीच ओळखलं आणि डॉक्टर उभा करून ठेवला. प्रकाशची बायको, सुनंदा वहिनी, माझ्या पाया पडायला वाकल्या. मी मागे सरलो. म्हटलं, "वहिनी, मी काही केलं नाही. निरोप माझा नव्हता."

त्या डोळे पुसत हसल्या. "माहिताय भाऊजी. निरोपातच होतं की, तुम्ही नाही म्हणणार म्हणून."

बघा आता! काय करावं माणसाने? मी जितकं नाही म्हणावं तितकी त्यांची खात्री पक्की. दर संक्रांतीला त्यांच्या घरून तिळाच्या वड्यांचा डबा यायचा. सगळ्यांना मूठभर तिळगूळ, मला डबा. मुलीच्या लग्नात मला पहिल्या रांगेत बसवलं, पाहुण्यांना सांगितलं, "यांच्यामुळे हे आहेत." आणि मी तिथे बसून बाभळीखालचा घाम आठवत होतो. 'नाटकं करू नकोस' हे शब्द माझेच होते. 'चढ सायकलवर' हेही माझेच. हे दुसरं ऐकणारी तर माणसं होती, सदा होता, मिलिंद होता. त्यांनाही तो विषय कधी काढावासा वाटला नाही. सगळे मला चांगलं समजत राहिले आणि मी घरी येऊन बायकोवर चिडत राहिलो.

गेल्या वर्षी राहवलं नाही. प्रकाश आता दुकानात बसत नाही, मुलगा बघतो. मी सकाळी त्याच्या घरी गेलो. वहिनी बाजारात गेल्या होत्या. म्हटलं, "प्रकाश, आज मला मध्येच तोडू नकोस. त्या दिवशी बाभळीखाली मला तुझा घाम दिसला होता. मी बघितला आणि तरी तुला उठवलं. मी तुला मारायलाच घेऊन चाललो होतो. ते डबे मला देत जाऊ नका."

त्याने खरंच तोडलं नाही. मला पुरं बोलू दिलं. मग म्हणाला, "औंधपासून दुखत होतं रं. डोंगराच्या पायरीवर बसलो ना, तवापासून. रात्रभर दुखलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुझ्या भीतीनं."

तोच पुढे म्हणाला, "तू वरडशील असं वाटलं. म्हटलं, सांगलीपर्यंत रेटू कसंतरी."

एवढ्या वर्षांत हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं, वहिनींनाही नाही. आणि माझा स्वभाव बघा — तशा वेळीसुद्धा माझ्या तोंडून पहिला प्रश्न तोच निघाला. "म्हणजे निरोप तू पाठवलास?"

प्रकाश हसला. "येडा का खुळा? मला एस्टीपर्यंत जाता आलं असतं, तर मीच नसतो का बसलो एस्टीत?"

तेवढ्यात वहिनी आल्या, चहा झाला, विषय राहून गेला.

तर वाचकहो, निरोप कुणी दिला हे मला आजही सांगता येत नाही. कंडक्टर वारला, सुभेदारही गेले, विचारायला कुणी उरलेलं नाही. तुमच्याकडे काही खुलासा असेल तर लिहा, वाद घालायला मी आहेच. मला पक्कं ठाऊक आहे ते एवढंच, की त्या सकाळी गाडीमागे मी पळालो नव्हतो. मी चहा पीत होतो. आणि प्रकाशचं ते ऐकल्यापासून वाटतं, पळायला मीच हवा होतो.